छोट्या पक्षी उद्यानांना जावं का? (कॉर्नवॉलचा एक अनुभव आणि सासऱ्यांची शंका)

मुक्काम_ब्रिस्टल

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण एक शंका तीन दिवस डोक्यात भुणभुणतेय म्हणून धागा काढतेय.

सासू-सासरे सांगलीहून आलेत, त्यांना घेऊन चार दिवस इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलला गेलो होतो. समुद्र, कडे, पेस्टी (बिनमांसाची सापडेपर्यंत सासूबाईंना उपासच घडला), सगळं यथासांग झालं. तिसऱ्या दिवशी धो-धो पाऊस. हेल नावाच्या गावात पॅरडाइज पार्क म्हणून छोटंसं पक्षी उद्यान आहे, तिथे लेकीला न्यायचं ठरलं. सासरे गाडीतून उतरायलाच तयार नाहीत. "पिंजऱ्यातलं पाखरू बघायला मी पैसे देत नसतो. तुम्ही या जाऊन." शेवटी पाऊस वाढला, गाडीची काच खाली करता येईना, गुदमरायला झालं तेव्हा आले.

जुन्या बंगल्याभोवतीची बाग, तिच्यात पिंजरे. लोरी जातीच्या पोपटांना छोट्या पेल्यातून गोड पाणी पाजायचं असतं. लेकीच्या डोक्यावर एक, खांद्यावर दोन बसले, ती स्वर्गात. पेंग्विन झाले, लाल खारी झाल्या. मग एका जाळीपाशी सासरे थांबले ते हलेनातच. आत काळाकुळकुळीत पक्षी, चोच आणि पाय मात्र लालभडक. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, कावळ्यानं कुंकू लावलंय!"

हा चफ. कॉर्नवॉलच्या राजचिन्हावर कोळी आणि खाणकामगारासोबत हाच आहे. पूर्वी तिथल्या कड्याकड्यावर असायचा, मग नाहीसा झाला. शेवटचा १९७३ साली मेला, आणि हे उद्यानही १९७३ सालीच सुरू झालं. १९८७ पासून ते चफची पैदास करतात. सासऱ्यांनी माझ्यामार्फत तिथल्या कर्मचारी मुलीला विचारलं, "कॉर्नवॉलात किती सोडले?" ती हसली. म्हणाली, इथे ते २००१ साली आपले आपणच परत आले. आमची पिल्लं इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर गेली.

सासरे बाहेर येऊन एवढंच बोलले, "आपोआप आले. मग ह्यांनी चौदा वर्षं काय केलं?"

मला उत्तर देता आलं नाही. पिंजऱ्यात पैदास करून संवर्धन होतं हे खरं, की तिकीट खपवायची सबब? अशा ठिकाणी पोरांना न्यावं का? तुमचे अनुभव सांगा.

तिरकस

पहिला प्रश्न: पिंडाला शिवतो का?

कोकणी_मेवा

@तिरकस, कावळ्याच्याच कुळातला आहे, शिवेल. पण पेस्टी ठेवावी लागेल.

घाटवाटा

अहो ताई, हा पक्षी मी ढिगाने पाहिलाय! स्पितीत काझा, लांगझा, किब्बर, जिकडे जाल तिकडे शेतात चोच खुपसत फिरत असतो. लडाखमध्येही तेच. आमचा ड्रायव्हर त्याला सरळ कौआ म्हणायचा. आणखी वर गेलं की पिवळ्या चोचीचा भाऊबंद भेटतो, तो तर तंबूत शिरून बिस्किटं पळवतो.

म्हणजे जगात या पक्ष्याला काही धाड भरलेली नाही. मग इंग्रजांना त्याचं एवढं कौतुक का?

सुगरण_नव्हे_सुगरणीचा

घाटवाटा, हरियाल भारतभर आहे. म्हणून महाराष्ट्रातला संपला तर चालेल का? राज्यपक्षी आहे तो आपला.

घाटवाटा

चालणार नाही. पण तेवढ्यासाठी मी हरियाल पिंजऱ्यातही कोंबणार नाही.

दादोजी_नाखवा

उच्चार नक्की काय? स्पेलिंग बघून मी आजवर 'चाऊ' म्हणत होतो.

मुक्काम_ब्रिस्टल

चफ. पण ओरडतो मात्र 'चिआऽऽव' असा, म्हणजे तुमचंच बरोबर होतं म्हणायचं.

रात्रपाळी_ट्रूरो

मी कॉर्नवॉलमध्येच राहतो, अकरा वर्षं झाली. इथल्या दवाखान्यातल्या पाळ्या संपल्या की कड्यांवर भटकणं हा एकच धंदा. म्हणून जरा सविस्तर लिहितो, झोप आली तर सोडून द्या.

चफ का गेला हे आधी बघा. त्याची चोच लांब, वाकडी आणि नाजूक. जमिनीत फार तर दोन-चार सेंटीमीटर खुपसून अळ्या, किडे, मुंग्या काढतो. इथल्या जुन्या कॉर्निश बोलीत त्याचं नाव 'पालोरेस', म्हणजे उकरणारा. पण उकरायला गवत बुटकं लागतं. पूर्वी कड्यांच्या उतारावर गावातली गुरं, तट्टं, मेंढरं चरायची. गवत गालिच्यासारखं कापलेलं राहायचं. पुढे शेतकऱ्यांना कड्यावर गुरं चारणं परवडेना, ती आतल्या सपाट कुरणात गेली. कड्यावर गुडघाभर झुडूप माजलं. खाली अळ्या आहेत, पण चोच पोचत नाही. ताट वाढलेलं आणि वर कुलूप. शिवाय शिकार होती, अंडी चोरून संग्रह करणारे हौशी होते. पक्षी जितका दुर्मिळ तितकं अंडं महाग.

शेवटचं घरटं १९४७ साली. त्यानंतर एक जोडी उरली होती. त्यातला एक १९६७ साली गेला आणि दुसरा एकटाच त्याच कड्यावर सहा वर्षं घिरट्या घालत राहिला. १९७३ साली तोही गेला. इथली म्हातारी माणसं अजून त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली करतात. राजा आर्थर मेला नाही, चफ झाला आणि चोचीला-पायाला रक्त लागलंय अशी इथली दंतकथा आहे, त्यामुळे हा पक्षी मारणं अपशकुनी. तरी मारायचेच म्हणा.

आता सासऱ्यांच्या प्रश्नाकडे. २००१ साली कॉर्नवॉलच्या दक्षिणेला लिझर्ड नावाच्या टोकावर तीन चफ उतरले. डीएनए बघितल्यावर ते आयर्लंडकडचे निघाले. २००२ साली त्यांतल्या जोडीने घरटं केलं, तीन पिल्लं उडाली. आज इथे शंभरावर चफ आहेत. आले आपोआप हे खरं. पण राहिले ते आपोआप नाही राहिले. त्याच्या आधीपासून संवर्धनवाल्यांनी शेतकऱ्यांच्या हातापाया पडून कड्यांवर गुरं आणि तट्टं परत चारायला लावली होती. झुडूप हटलं, गवत बुटकं झालं. पाहुणे आले तेव्हा ताटावरचं कुलूप निघालेलं होतं. पहिल्या घरट्यावर तर स्वयंसेवक दिवसरात्र पहाऱ्याला बसले होते, अंडीचोरांच्या भीतीने.

म्हणून मी पाहुण्यांना लिझर्डला नेतो तेव्हा आधी गाई दाखवतो. चफ नाही दिसला तरी निम्मी गोष्ट कळते.

तिरकस

रात्रपाळी, लेख झकास. पण यातून सासऱ्यांचाच मुद्दा सिद्ध झाला ना? काम केलं गाईंनी. उद्यानाने तिकिटं फाडली.

रात्रपाळी_ट्रूरो

अर्धाच. जर्सीत बघा. तिथे चफ साधारण १९०० च्या सुमाराला संपला आणि परत यायला शंभर वर्षांत कुणी आलं नाही. आयर्लंडचं पाखरू तिथवर वाट वाकडी करून कशाला जाईल? तिथे २०१३ पासून सोडले ते याच हेलच्या उद्यानातल्या वंशाचे. २०१५ साली त्यांनी मोकळ्यावर पिल्लू वाढवलं. आणि तिथेही कड्यावर आधी मेंढ्या सोडल्या होत्या, मँक्स लोघटन जातीच्या, चार-चार शिंगं असलेल्या, बघूनच घाबरायला होतं. केंटमध्ये डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवर २०२२ पासून सोडताहेत. तिथे चफ दोनशे वर्षं नव्हता, पण केंटमधल्याच कँटरबरीच्या राजचिन्हावर तीन-तीन आहेत. २०२४ साली डोव्हरच्या किल्ल्यावर एक पिल्लू उडालं आणि वादळी वाऱ्यात हरवलं. रडलो नाही, पण त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

म्हणजे गाय हवीच, पण जिथे पाहुणा आपणहून येणार नाही तिथे पिंजऱ्यातलं बियाणं लागतं. बियाणं आहे आणि नांगरट नाही, तर उपयोग शून्य.

गुरांचा_डॉक्टर

"बियाणं आहे आणि नांगरट नाही." साहेब, हे वाक्य मी दवाखान्यात लावणार.

आपल्याकडची गिधाडं हेच सांगतात. मी नव्वदच्या दशकात शिकत होतो तेव्हा गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात हाडं उरायची. दहा-बारा वर्षांत गिधाडं गेली. पांढऱ्या पुठ्ठ्याची तर शंभरातली नव्व्याण्णवहून जास्त. कुणी म्हणे रोग, कुणी म्हणे उपासमार. शेवटी २००३-०४ च्या सुमाराला कारण सापडलं: डायक्लोफिनॅक. जनावराला ताप आला, लंगडलं की आम्हीच टोचायचो. स्वस्त, लगेच गुण. जनावर मेलं, गिधाडाने खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी. पोटात युरिक ॲसिडचा पांढरा चुना साचून पक्षी झाडावर मान टाकून बसतो आणि खाली पडतो. मी स्वतः ते इंजेक्शन किती दिलं असेल, हिशेब नाही.

२००६ साली जनावरांसाठी बंदी आली. मग लोक माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या वापरायला लागले. २०१५ साली त्यांचा आकार ३ मिलीवर आणला. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली, तीही तशीच घातक. मेलॉक्सिकॅम चालतं, गिधाडाला काही होत नाही, किंमतही आता आवाक्यात आहे.

दरम्यान हरियाणात पिंजोरला बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) गिधाडांची पैदास सुरू ठेवली. वर्षाला एका जोडीचं एक अंडं, त्यामुळे काम कासवाचं. तिथून जानेवारी २०२४ मध्ये २० गिधाडं महाराष्ट्रात आली: लांब चोचीची १० पेंचला, पांढऱ्या पुठ्ठ्याची १० ताडोबाला. पण आसपासच्या शंभर किलोमीटरमध्ये एका औषध दुकानदाराने चुकीची बाटली विकली की पंधरा वर्षांचं काम एका बैलात संपतं. तेव्हा ताई, सासऱ्यांना सांगा, पिंजरा हे पक्ष्याचं बँकेतलं लॉकर आहे. लॉकरमध्ये राहायचं नसतं. पण घरावर दरोडा चालू असताना दागिने घरात ठेवायचे का?

कोकणी_मेवा

डॉक्टर, प्रामाणिकपणाला सलाम. हल्ली "आम्हीच टोचायचो" असं कोण लिहितं?

मास्तर_नान्नजवाले

मंडळी, मी सोलापूरकडचा निवृत्त शिक्षक. आमच्या नान्नजला माळढोक होता. 'होता' लिहिताना हात अडतो, पण हल्ली दर्शनच होत नाही तर काय लिहू.

शाळेची सहल नेली की मी पोरांना सांगायचो, डबा खाताना सुद्धा आवाज नको. लांब गवतात एक मान वर यायची, बस्स. चाळीस पोरं गप्प. शाळेत मी कधी ती अशी गप्प करू शकलो नाही.

१९७९ साली अभयारण्य झालं आणि पुढे त्याचं क्षेत्र ठरलं साधारण साडेआठ हजार चौरस किलोमीटर! त्यात शेतं आली, गावं आली, गावठाणं आली. घर बांधायला परवानगी नाही, विहिरीला परवानगी नाही, जमीन विकता येईना. लोक म्हणायचे, मास्तर, तुमच्या त्या कोंबड्यामुळं पोरीचं लग्न अडलं. मी काय सांगणार? पुढे क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर लोकांच्या मनातून पक्षी उतरलेला होता. माळावर ऊस आला, द्राक्षं आली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला. जड पक्षी, तार दिसेपर्यंत वळता येत नाही.

आता राजस्थानात सम गावाकडे त्याची पैदास चालू आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. बातमी वाचून मी आमच्या जुन्या वनमजुराला फोन केला. तो म्हणाला, "गुरुजी, झालं चांगलं. पण आणून सोडणार कुठं? माळ कुठाय?" त्याला ना इंग्लंड माहीत ना चफ.

रात्रपाळी_ट्रूरो

मास्तर, नमस्कार करतो. एक विचारू? तिथे मेंढपाळांना माळावर येऊ देतात का? इथे चराई बंद झाल्यानेच पक्षी गेला, म्हणून विचारतोय.

मास्तर_नान्नजवाले

बेताची चराई त्याला मानवते, गवत अगदी उंच झालं तरी त्याला चालत नाही. पण कुंपणाच्या आत मेंढरू शिरलं की दंड, हे आमच्या धनगरांना पाठ. प्रमाणाचा प्रश्न आहे. तुमच्याकडे गाय चारायला हातापाया पडतात, आमच्याकडे चारली म्हणून पावती फाडतात.

गोदाकाठ

सगळं ऐकलं. तरी मी घाटवाटाच्या बाजूने. निफाडकडचा आहे, आमचं नांदूर-मधमेश्वर बघा. इंग्रजी अमदानीत बांधलेला बंधारा, त्यात गाळ भरत गेला. धरण म्हणून निकामी होत चाललं तसतसं पक्ष्यांसाठी उत्तम होत गेलं. उथळ पाणी, पाणवनस्पती, बेटं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांची यादी), महाराष्ट्रातलं पहिलं. एक पिंजरा नाही. चापडगावच्या मनोऱ्यावर गावातली पोरं दुर्बीण लावून देतात, "ते बघा सर, थापट्या, त्याच्यामागं चक्रवाक, डावीकडं जांभळी पाणकोंबडी." लॅटिन नावं पण फडाफडा. ही पोरं पूर्वी काय करायची ते विचारू नका. काहीजण तेच पक्षी जाळ्यात धरायचे.

तिकीट थोडकं, आणि पैसा गावात राहतो. पोरांना तिथं न्या. मोकळा पक्षी शंभर फुटांवरून दिसला तरी तो खरा.

सुगरण_नव्हे_सुगरणीचा

गोदाकाठ, सहमत, पण सहा वर्षांच्या पोराला दुर्बिणीतून थापट्या दिसत नाही. माझ्या पोराला मनोऱ्यावर फक्त वडापाव दिसला.

कोकणी_मेवा

खरंय. कर्नाळ्याला आम्ही जूनमध्ये तिबोटी खंड्यासाठी गेलो होतो. रायगडचा जिल्हा पक्षी, चिमणीएवढा, अंगावर रंगपेटी सांडलेली. पावसाच्या तोंडावर येतो, ओढ्याच्या मातीत बीळ करून घरटं. तीन तास डास खाल्ले (म्हणजे डासांनी आम्हाला), एक निळी-नारिंगी रेघ दिसली, संपलं. बायको अजून म्हणते ते फुलपाखरू होतं.

तिरकस

वहिनींवर विश्वास ठेवा.

पोपटपंची

मी जरा धागा भरकटवते. माझ्या आजोळी मिठू होता. चौकात पिंजरा, हिरवी मिरची, "विठ्ठल विठ्ठल" म्हणायचा. बावीस वर्षं जगला. गेला तेव्हा आजीने तीन दिवस चूल मांडली नाही, वरून डबा आला. आम्ही त्याला छळत होतो असं आता कुणी म्हटलं की मला राग येतो. पण परवा लेकीने विचारलं, तो कुठून आणला होता? आठवलं: बाजारात टोपलीत झाकून दहा-बारा पिल्लं घेऊन माणूस यायचा. त्यातलं एक आमच्याकडे बोललं. बाकीच्यांचं काय झालं हे घरात कधी कुणी विचारलं नाही.

गुरांचा_डॉक्टर

पोपटपंचीताई, आपला देशी पोपट घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, अजूनही निम्म्या वाड्यांत असतो. टोपलीतल्या पिल्लांचं सांगायचं तर ढोलीतून काढल्यापासून बाजारात येईपर्यंत बरीच मरतात. आमच्याकडे आणतात ती पंख छाटलेली, मुडदूस झालेली. नुसती मिरची आणि डाळ खाऊन कॅल्शियम कुठून येणार?

दादोजी_नाखवा

मग बजरीगर आणि कॉकाटील? माझ्याकडे चार आहेत. आता पोलिस येणार का?

गुरांचा_डॉक्टर

ते परदेशी, पिंजऱ्यातच पिढ्यानपिढ्या वाढलेले. नाही येणार. पण पिंजरा मोठा करा आणि डबल दरवाजा करा. सुटला तर दोन दिवस जगत नाही, कावळे टिपतात.

रात्रपाळी_ट्रूरो

पोपटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हेलचं उद्यान ज्याने काढलं तो माइक रेनॉल्ड्स आधी जाहिरात व्यवसायात होता. १९८९ साली त्याने जागतिक पोपट संवर्धनाची संस्था काढली, वर्ल्ड पॅरट ट्रस्ट, तिचं मूळ त्याच बागेत. रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात युरोपने थांबवावी म्हणून जे लोक वर्षानुवर्षं मागे लागले, त्यात ही संस्था होती. २००५ साली आधी बर्ड फ्लूच्या निमित्ताने तात्पुरती आणि २००७ साली कायमची बंदी आली. पोपटपंचींनी लिहिलेली ती टोपली, तिचाच हा विमानातला अवतार होता.

तिकिटाचे पैसे कुठे गेले हे विचारणाऱ्यांनी @तिरकस हेही धरावं.

तिरकस

धरलं. पण पक्ष्यांवर उपजीविका करणाऱ्यानेच पक्ष्यांचा व्यापार बंद पाडला, हे जरा पचायला वेळ लागेल.

मोकातला_मराठी

मी नोकरीनिमित्त चार वर्षं मॉरिशसला आहे. (इथल्या जुन्या मराठी घरांत अजून झाकडी नाचतात, त्यावर वेगळा धागा काढेन.) वरच्या संस्थेचं सुरुवातीचं एक काम इथलंच: एको पॅराकीट. आपल्या मिठूचा सख्खा चुलतभाऊ, जरा गुटगुटीत. १९८० च्या दशकात जगात दहा-वीसच उरले होते. आता काहीशे आहेत. इथला ससाणा तर १९७४ साली चार! मोकळ्यावर चार पक्षी, अख्ख्या जगात. अंडी काढून उबवणं, कृत्रिम घरटी, पिंजऱ्यात पैदास, सगळं केलं, आणि तो वाचला. गुलाबी कबुतर तसंच. इल-ओ-एग्रेत बेटावर गेलात तर पायवाटेवर चालत समोर येतं, आपल्या दादरच्या कबुतरासारखं निर्धास्त.

पण इथेही तेच. उंदीर, मांजरं, माकडं आवरली आणि बाहेरची झुडपं उपटली तिथेच पक्षी टिकले. डोडोच्या गावात राहून मी तरी पिंजऱ्याला सरसकट नावं ठेवणार नाही.

एमआरटीवाली

सिंगापूरहून. जुरोंगचं जुनं पक्षी उद्यान १९७१ चं, जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं, मे महिन्यात मंडाईला बर्ड पॅरडाइज म्हणून नवीन उघडलं. नवीन भव्य आहे, जाळीखाली आपण आणि पक्षी दोघेही मोकळे. तरी मला जुनंच आठवतं. छोट्या जागेत पक्ष्याशी ओळख होते, मोठ्यात मॉलसारखं पुढे पुढे जायला होतं.

घाटवाटा

सगळीच छोटी ठिकाणं अशी नसतात हो. मागच्या दिवाळीत हायवेलगतच्या एका रिसॉर्टमधल्या 'बर्ड पार्क'ला गेलो. तिकिटात मॅकॉसोबत फोटो. पक्ष्याच्या छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटलेली, नुसतं गुलाबी कातडं. मी विचारलं याला काय झालंय, तर म्हणे "गरमी आहे सर." डीजे चालू होता शेजारी. संवर्धनाचा फलक मात्र होता, वाघाचं चित्र काढलेला.

म्हणून मी ताईंना म्हणेन, आत शिरल्यावर विचारायचं: इथून काय बाहेर गेलं? नुसतं आतच येत असेल तर तो साठा. तुमच्या सासऱ्यांनी नेमकं तेच विचारलं. त्यांना माझा दंडवत.

पोपटपंची

आणि लोरीचं काय? चफचं ठीक, पण खांद्यावर बसून गोड पाणी पिणारी लोरी कुठेच जाणार नाहीये. ती फक्त तिकिटासाठीच आहे ना?

रात्रपाळी_ट्रूरो

हो. लोरी कमावते, चफ खातो. यावर माझ्याकडे फार चांगलं उत्तर नाही. म्हणून मी पाहुण्यांना असंही सांगतो की उद्यान बघून झालं की त्याच हेल गावाच्या खाडीवर तासभर उभे राहा. राखीव पाणथळ आहे, बघायला पैसे पडत नाहीत. ब्रिटनच्या अगदी नैर्ऋत्येला असल्याने कडक हिवाळ्यातही सहसा गोठत नाही, त्यामुळे सगळीकडे बर्फ असलं की पाखरं इथे लोटतात. फक्त ओहोटी बघून जा, नाहीतर नुसतं पाणी दिसेल.

मुक्काम_ब्रिस्टल

धागा वर काढतेय. तीन आठवडे झाले, उत्तर द्यायला उशीर झाला, माफी.

तुमचे प्रतिसाद मी रोज रात्री जेवताना सासऱ्यांना वाचून दाखवत होते. मास्तरांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. सांगलीच्या बाजाराची टोपली त्यांनाही आठवली, पण त्यावर बोलले नाहीत. परवा आपणहून म्हणाले, "ते गाई कुठं आहेत म्हणाला तो डॉक्टर?" रात्रपाळी डॉक्टर नाहीत, दवाखान्यात आहेत, हे सांगून उपयोग नव्हता. साडेतीन-चार तास गाडी चालवून लिझर्डला गेलो.

आधी गाई दिसल्या. कड्याच्या अगदी कडेला, खाली समुद्र, बघून माझ्याच पोटात गोळा. सासरे बूट चिखलात घालून गवत चाचपून आले. "जनावर नीट चारलंय," म्हणाले. मग दोन तास काही नाही. वारा असा की सासूबाईंची शाल दोनदा पळाली. थर्मासमधला चहा संपला, लेक रडकुंडीला आली, आम्ही परत निघालो आणि डोक्यावरून 'चिआऽऽव'. दोन होते. वाऱ्यावर नुसते फेकल्यासारखे, पंखांची बोटं पसरून खाली कोसळायचे आणि परत वर. एक उतरला गाईपासून पाच-सहा पावलांवर, आणि चोच जमिनीत.

लेक म्हणाली, हा पिंजऱ्यातल्यासारखाच आहे की! तिने चोचीवरून लगेच ओळखला, आम्हा मोठ्यांना आधी कावळाच वाटला होता. सासरे तिला म्हणाले, "तिथं बघितला होतास म्हणून ओळखलास." मग जरा थांबून, "तरी त्या लोरीला पेला पाजायला नको होतं." तेव्हा पोपटपंची, तुमचं एक मत इकडे जमा आहे.

गुरुवारी त्यांचं विमान आहे. नांदूर-मधमेश्वरला कधी जावं, डिसेंबर की फेब्रुवारी? आणि सांगलीहून मुक्कामाची सोय?

गोदाकाठ

डिसेंबर-जानेवारी. पहाटे सहाला मनोऱ्यावर हवेत, उन्हं चढली की पक्षी लांब जातात. मुक्काम नाशिकला किंवा निफाडला करा. काकांना स्वेटर सांगा, निफाडची थंडी साधी नाही. मला निरोप टाका, दुर्बीणवाल्या पोराचा नंबर देतो.

मास्तर_नान्नजवाले

सांगलीहून येताना सोलापूरवरून वाट वाकडी करा म्हणावं. माळढोक दाखवू शकणार नाही. पण धाविक पक्षी आहेत, लांडगा नशिबात असला तर तोही. चहा घरी.

तिरकस

मास्तर, मीही येऊ का?

मास्तर_नान्नजवाले

या. डबा खाताना आवाज करायचा नाही.